लोको पायलट व्हायचे असेल, तर आधी डोळे तपासा

भारतीय रेल्वेचे इंजिन चालवण्याची इच्छा असलेले बहुतेक तरुण या वाटेवर उलट्या बाजूने शिरतात. दहावी झाली की आयटीआयला प्रवेश घ्यायचा, मग क्लासची फी भरून तयारी करायची, परीक्षेचे एकेक टप्पे पार करायचे आणि सर्वांत शेवटी रेल्वेच्या डॉक्टरांसमोर उभे राहायचे, असा हा नेहमीचा क्रम असतो. आणि त्या शेवटच्या पायरीवर, काही वर्षे खर्ची पडल्यानंतर, काहींना कळते की आपली दृष्टी या नोकरीच्या निकषात बसत नाही. हे दुःख टाळता येण्याजोगे आहे. आयटीआयचा ट्रेड निवडण्याआधी एखाद्या चांगल्या नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन, ‘मला रेल्वेच्या ए-१ श्रेणीच्या दृष्टीने तपासा’ असे स्पष्ट सांगून तपासणी करून घ्यावी, हा माझा पहिला आणि सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे.

ए-१ ही रेल्वेतील सर्वांत कडक वैद्यकीय श्रेणी आहे. दोन्ही डोळ्यांची दूरची दृष्टी चष्म्याशिवाय ६/६ असावी लागते आणि जवळची दृष्टीही चष्म्याशिवायच निकषात बसावी लागते. त्याशिवाय ‘फॉगिंग’ची चाचणी होते. तिच्यात डोळ्यासमोर अधिक दोन नंबरचे भिंग धरतात आणि त्या भिंगातून समोरची अक्षरे धूसर दिसणे अपेक्षित असते. ती तरीही स्वच्छ दिसली, तर डोळ्यात अधिकचा नंबर दडलेला आहे असा अर्थ होतो. तरुणपणी तो जाणवत नाही, पण वय वाढले की उघड होतो. रंग ओळखण्याची क्षमता, दोन्ही डोळ्यांनी मिळून पाहण्याची क्षमता, दृष्टीचा आवाका, रात्रीचे आणि संधिप्रकाशातले दिसणे हे सर्व स्वतंत्रपणे तपासले जाते. लेसर शस्त्रक्रिया करून चष्मा घालवलेल्या उमेदवारांना या पदासाठी अपात्र ठरवले जाते, ही गोष्ट तर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवण्यासारखी आहे, कारण नोकरीसाठी म्हणूनच ती शस्त्रक्रिया करून घेणारे आणि त्याच शस्त्रक्रियेमुळे बाद होणारे उमेदवार असतात.

हा कडकपणा अनाठायी नाही. ताशी ११० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ३० मीटर अंतर कापते आणि ती थांबायला शेकडो मीटर लागतात. रात्री, पावसात, समोरून येणाऱ्या इंजिनाच्या दिव्याने डोळे दिपलेले असताना, दूरवरचा एक ठिपका पिवळा आहे की लाल हे ओळखण्यात झालेली दोन सेकंदांची दिरंगाईही महाग पडते. चष्मा पुसायला किंवा बदलायला तिथे वेळ नसतो.

शिक्षण कोणते हवे

रेल्वेत थेट लोको पायलट म्हणून भरती होत नाही. पूर्वी ज्याला असिस्टंट ड्रायव्हर म्हणत, त्या सहाय्यक लोको पायलटच्या पदावरच प्रवेश मिळतो आणि पुढचा प्रवास बढतीने होतो. या पदासाठी दहावी उत्तीर्ण आणि त्यासोबत मान्यताप्राप्त आयटीआय प्रमाणपत्र ही मुख्य अट आहे. फिटर, इलेक्ट्रिशियन, वायरमन, टर्नर, मशिनिस्ट, डिझेल मेकॅनिक, मोटार मेकॅनिक, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंग अशा ठरावीक ट्रेडची यादी जाहिरातीत दिलेली असते. तुमचा ट्रेड त्या यादीत असलाच पाहिजे. यांपैकी एखाद्या ट्रेडमध्ये अ‍ॅप्रेंटिसशिप पूर्ण केलेले उमेदवारही पात्र ठरतात. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा ऑटोमोबाइल या शाखांतील तीन वर्षांची पदविका किंवा अभियांत्रिकीची पदवी असली, तरी अर्ज करता येतो. केवळ बारावी शास्त्र किंवा बी.ए., बी.कॉम. यांवर मात्र हे दार उघडत नाही.

फिटर घ्यावा की इलेक्ट्रिशियन, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. भरतीच्या दृष्टीने दोन्ही सारखेच आहेत, पण आज रेल्वेचे जवळजवळ संपूर्ण ब्रॉडगेज जाळे विद्युतीकरण झालेले असल्याने पुढे ज्या इंजिनांशी गाठ पडते ती बहुतांशी विजेची असतात. शक्य असेल तर इलेक्ट्रिशियन किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा मार्ग निवडावा, कारण रात्री दोन वाजता एखाद्या निर्जन ठिकाणी इंजिनात बिघाड झाला, तर परिपथाची समज असलेला माणूस कमी घाबरतो.

वयाची मूळ मर्यादा १८ ते ३० वर्षे अशी आहे. इतर मागासवर्गीयांना तीन वर्षांची आणि अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षांची सवलत मिळते. एखाद्या वर्षी या मर्यादेत बदल केला जातो, म्हणून त्या-त्या वर्षीची मूळ जाहिरात स्वतः वाचावी. कोणीतरी पाठवलेल्या सारांशावर विसंबू नये.

अर्ज आणि परीक्षा

भरती रेल्वे भरती मंडळांमार्फत होते. देशभर अशी २१ मंडळे आहेत आणि त्यांपैकी एक मुंबईला आहे. २०२४ पासून रेल्वेने भरतीचे वार्षिक वेळापत्रक सुरू केले असून सहाय्यक लोको पायलटची जाहिरात वर्षाच्या सुरुवातीला येण्याची पद्धत पडली आहे. २०२५ च्या जाहिरातीत ९,९७० जागा होत्या. उमेदवाराला एकाच मंडळाकडे अर्ज करता येतो आणि एकाहून अधिक मंडळांकडे अर्ज केल्यास सगळेच अर्ज रद्द होतात. कोणत्या मंडळात किती जागा आहेत आणि तुमच्या प्रवर्गासाठी किती आहेत, हे पाहून निवड करावी. पण निवड झाली की त्याच विभागात आयुष्याची अनेक वर्षे काढायची आहेत हेही ध्यानात ठेवावे. दूरच्या मंडळात जागा जास्त दिसतात म्हणून अर्ज करणारे पुढे बदलीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहत बसतात.

संगणकावरची पहिली परीक्षा ६० मिनिटांची आणि ७५ प्रश्नांची असते. गणित, बुद्धिमत्ता, सामान्य विज्ञान आणि चालू घडामोडी हे तिचे विषय आहेत आणि तीन उत्तरे चुकली की एक गुण कापला जातो. ही परीक्षा केवळ चाळणी आहे. दुसऱ्या परीक्षेचे दोन भाग असतात. ९० मिनिटांच्या, १०० प्रश्नांच्या पहिल्या भागात वरील विषयांसोबत प्राथमिक विज्ञान आणि अभियांत्रिकीचे ४० प्रश्न असतात आणि गुणवत्ता यादीत याच भागाचे गुण धरले जातात. दुसऱ्या भागात तुमच्या ट्रेडवरचे ७५ प्रश्न असतात आणि तिथे सर्व प्रवर्गांना किमान ३५ टक्के गुण मिळवावे लागतात. या दोन्ही परीक्षा मराठीतून देता येतात. आयटीआयचा विद्यार्थी पहिल्या भागातल्या गणिताला घाबरतो आणि ट्रेडचा भाग गृहीत धरतो. प्रत्यक्षात तो भाग अडवतो तेव्हा बाकीचे सारे गुण वाया जातात.

यानंतरचा टप्पा या भरतीचे खरे वैशिष्ट्य आहे. संगणकावरच घेतल्या जाणाऱ्या या अभियोग्यता चाचणीत पाठांतराचा काहीही उपयोग होत नाही. स्मरणशक्ती, सूचनांचे पालन, खोलीचा अंदाज, एकाग्रता आणि पाहून पटकन ओळखण्याचा वेग अशा पाच स्वतंत्र चाचण्या असतात. नकाशासारखे चित्र काही वेळ पाहायला मिळते आणि ते काढून घेतल्यावर कोणती वस्तू कुठे होती हे विचारले जाते. एकमेकांवर रचलेल्या विटांच्या चित्रात अमुक विटेला किती विटा टेकलेल्या आहेत हे मोजावे लागते. आकड्यांच्या किंवा आकृत्यांच्या गर्दीतून नेमके हवे ते शोधावे लागते. यांतील प्रत्येक चाचणीत किमान ४२ टी-गुण, म्हणजे इतर उमेदवारांच्या तुलनेत काढलेले प्रमाणित गुण, मिळालेच पाहिजेत आणि ही अट कोणत्याही प्रवर्गाला शिथिल होत नाही. चार चाचण्यांत उत्तम आणि पाचवीत ४१, तर निवड नाही. अंतिम यादीत दुसऱ्या परीक्षेच्या पहिल्या भागाला ७० टक्के आणि या चाचणीला ३० टक्के वजन असते.

मराठी उमेदवारांनी येथे एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावी. अभियोग्यता चाचणीचे प्रश्न फक्त हिंदी आणि इंग्रजीतून असतात. सूचना वाचण्यात गेलेला प्रत्येक सेकंद येथे गुण कमी करतो, म्हणून सराव त्याच भाषेतून करावा. लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेने या चाचण्यांचे नमुने उपलब्ध करून दिलेले आहेत. त्यांवर घड्याळ लावून रोज थोडा सराव करणे हे महिनाभराच्या महागड्या वर्गापेक्षा मला अधिक मोलाचे वाटते. या चाचणीच्या वेळी ठरावीक नमुन्यातले दृष्टीचे प्रमाणपत्रही सादर करावे लागते, त्यामुळे सुरुवातीला डोळे तपासण्याचा जो आग्रह धरला त्याचा उपयोग इथे पुन्हा होतो. पुढे कागदपत्रांची पडताळणी आणि रेल्वे रुग्णालयातील वैद्यकीय तपासणी होते. पैसे घेऊन नाव यादीत घालून देतो असे सांगणाऱ्या कोणाशीही बोलू नये. संगणकीय परीक्षेत तसा मार्ग नाही आणि असे पैसे परत मिळत नाहीत.

शिकण्याची वर्षे

निवड झाल्यावर प्रशिक्षण केंद्रात पाठवले जाते. महाराष्ट्रात भुसावळचे विभागीय प्रशिक्षण केंद्र रेल्वेच्या जुन्या-जाणत्या कर्मचाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. तिथे सामान्य व सहाय्यक नियमांचे पुस्तक, सिग्नलांची पद्धत, इंजिनाची रचना, ब्रेकची यंत्रणा आणि बिघाड दुरुस्ती शिकवली जाते. नियमांचे ते पुस्तक परीक्षेपुरते वाचून बाजूला ठेवण्याचे नाही. त्यातल्या प्रत्येक नियमामागे पूर्वी कुठेतरी घडलेला अपघात उभा आहे, असे समजून ते वाचावे. एक उदाहरण देतो. स्वयंचलित सिग्नलांच्या मार्गावर सिग्नल लाल असेल, तर गाडी दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटे थांबवून मगच अत्यंत सावधपणे पुढे न्यायची असते. त्या सिग्नलपलीकडे दुसरी गाडी उभी असू शकते, रूळ तुटलेला असू शकतो किंवा नुसता दिवा बिघडलेला असू शकतो. थांबण्याच्या त्या काळात चालकाने घाईतून बाहेर यावे आणि समोर अडथळा आहेच असे धरून पुढे निघावे, हा त्या नियमाचा गाभा आहे.

वर्गानंतर प्रत्यक्ष मार्ग शिकावा लागतो. याला रेल्वेत ‘लर्निंग रोड’ किंवा थोडक्यात ‘एलआर’ म्हणतात. अनुभवी चालकासोबत त्या मार्गावर सर्वसाधारणपणे तीन फेऱ्या कराव्या लागतात आणि त्यांतली निदान एक रात्रीची असावी लागते. कुठे चढ लागतो, कुठे वळणामागे सिग्नल लपतो, कोणत्या फाटकाजवळ गुरे येतात, कोणत्या स्थानकाचा होम सिग्नल, म्हणजे स्थानकात शिरण्याआधीचा सिग्नल, अचानक डोळ्यांपुढे येतो, हे सगळे अंगवळणी पडेपर्यंत पाहायचे असते. तीन महिने त्या मार्गावर गेले नाही, तर पुन्हा शिकाऊ फेरी करावी लागते. नवोदितांनी स्वतःची वही ठेवून सिग्नलांची जागा ओव्हरहेड तारेच्या खांबांच्या क्रमांकासह लिहावी. दाट धुक्यात आजकाल जीपीएसवर चालणारे उपकरण सिग्नल जवळ आल्याची सूचना देते, तरी ती वही जवळ असलेल्या माणसाचा आधार वेगळाच असतो.

एका फेरीत काय काय असते

कामाचा निरोप, म्हणजे ‘कॉल’, साधारण दोन तास आधी येतो. मेल-एक्स्प्रेसच्या चालकांना निदान ठरलेल्या वेळा असतात; मालगाडीवर मात्र तो निरोप दुपारी तीनला येईल की पहाटे तीनला, हे आदल्या दिवशी खात्रीने सांगता येत नाही. लॉबीत, म्हणजे चालकांच्या हजेरीच्या कार्यालयात, पोहोचल्यावर यंत्रात फुंकर मारून मद्यप्राशन केलेले नसल्याची तपासणी होते, संगणकावर हजेरी लागते, नवीन सूचना वाचून सही करावी लागते आणि ‘कॉशन ऑर्डर’ मिळते. पुढच्या मार्गावर कुठे रुळांचे काम चालू आहे आणि कुठे वेग किती ठेवायचा, हे त्या कागदावर लिहिलेले असते. तो कागद खिशात घालून विसरण्याचा नाही; चालक आणि सहाय्यक दोघांनी तो मिळून वाचायचा असतो.

इंजिनाचा ताबा घेताना दिवे, भोंगा, वेगमापक, वाळूची पेटी, अग्निशामक आणि ब्रेक पाहावे लागतात. ओल्या रुळावर चाके घसरली तर वाळू सोडून पकड मिळवायची असते, म्हणून वाळू कोरडी आहे की नाही हेही पाहायचे. गाडीच्या ब्रेकच्या नळीत ५ किलो आणि फीड पाइपमध्ये ६ किलो प्रति चौरस सेंटिमीटर हवेचा दाब लागतो. ब्रेकच्या नळीतला दाब कमी केला की ब्रेक लागतात आणि पुन्हा भरला की सुटतात. म्हणजे नळी कुठे तुटली किंवा डबे सुटले, तर हवा निघून जाऊन ब्रेक आपोआप लागतात. ही रचना सुरक्षित असली, तरी मालगाडीवर तिला सांभाळून घ्यावे लागते. अर्धा किलोमीटरहून लांब गाडीत हवा परत भरायला वेळ लागतो आणि पुरती भरण्याआधी पुन:पुन्हा ब्रेक लावत राहिले, तर ऐन वेळी ब्रेकमध्ये जोर उरत नाही. भरलेली मालगाडी पाच हजार टनांच्या आसपास असू शकते. तिला चालवण्यापेक्षा थांबवणे अवघड, हे सूत्र जुने चालक पहिल्याच दिवशी सांगतात.

गाडी निघाली की सिग्नल पुकारणे सुरू होते. सहाय्यक हात दाखवून मोठ्याने ‘डबल यलो’, म्हणजे दोन पिवळे दिवे, असे म्हणतो आणि चालक तेच पुन्हा म्हणतो. बाहेरून पाहणाऱ्याला हा उपचार वाटेल, परंतु दोन माणसांनी एकच गोष्ट पाहून एकमेकांना ऐकवली की नजरचुकीला जागा कमी उरते. नुसते पुटपुटणारा सहाय्यक चांगला नव्हे. वळणावर मागे पाहून कुठे धूर, ठिणग्या किंवा लोंबणारी वस्तू नाही ना हे पाहणे, स्थानकातून जाताना तिथल्या कर्मचाऱ्याशी हिरव्या झेंड्याची किंवा दिव्याची देवाणघेवाण करणे, ‘सी/फा’ अशी पाटी दिसली की फाटकासाठी भोंगा वाजवणे, हे सर्व करता करता वेळ भरतो. विजेच्या मार्गावर मध्ये ‘न्यूट्रल सेक्शन’ येतो, जिथे तारेच्या एका तुकड्यात वीज नसते. त्याआधी ५०० आणि २५० मीटरवर सूचनेच्या पाट्या असतात आणि इंजिनाचे मुख्य ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारा स्विच, उघडून, गाडीच्या गतीवरच तो तुकडा पार करावा लागतो. चढावर गती कमी असताना तो गाठला, तर गाडी नेमकी तिथेच अडकण्याची भीती असते.

चालक जागा आहे की नाही हे पाहणारे एक उपकरण इंजिनात असते. साठ सेकंदांत चालकाने काहीही हालचाल केली नाही, तर दिवा लुकलुकतो, आठ सेकंदांनी गजर होतो आणि आणखी आठ सेकंदांत दाद मिळाली नाही, तर ब्रेक आपोआप लागतात. ‘कवच’ ही स्वदेशी यंत्रणा त्यापुढे जाऊन, लाल सिग्नल ओलांडण्याचा धोका दिसताच स्वतः ब्रेक लावते. ती सर्व मार्गांवर पोहोचेपर्यंत मात्र लाल सिग्नल ओलांडला न जाणे हे दोन माणसांच्या डोळ्यांवरच अवलंबून आहे. आणि तो ओलांडला गेला, तर अपघात झाला नाही तरीही चालकाची नोकरी जाऊ शकते.

घाट हा वेगळा विषय आहे. कर्जत ते लोणावळा आणि कसारा ते इगतपुरी या दोन्ही घाटांत ३७ मीटर अंतराला एक मीटर असा चढ आहे. चढताना मागून जास्तीची इंजिने, म्हणजे ‘बँकर’, लावावी लागतात आणि पुढच्या व मागच्या चालकांनी एकमेकांशी जुळवून घ्यावे लागते. खरी परीक्षा उतरताना होते. वेग हाताबाहेर जाण्याआधीच त्याला धरून ठेवायचे असते, इंजिनाच्या विद्युत ब्रेकचा उपयोग करून चाकांचे ब्रेक तापू न देता उतरायचे असते आणि ठरावीक ठिकाणी गाडी थांबवून ती ताब्यात असल्याचे दाखवावे लागते. न थांबणारी गाडी मुख्य मार्गावरून वळवून चढाच्या रुळावर घालणाऱ्या ‘कॅच सायडिंग’ घाटात त्यासाठीच बांधलेल्या आहेत. घाटात तयार झालेला चालक पुढे कुठेही गाडी नेऊ शकतो, असे माझे मत आहे.

झोप, घर आणि रुळावरची माणसे

या नोकरीचा सर्वांत मोठा भार झोपेवर पडतो आणि उमेदवाराने याचाच विचार सर्वांत कमी केलेला असतो. एका फेरीतले चालवण्याचे काम साधारण नऊ तासांत संपावे असा दंडक आहे, पण मालगाडी बाजूला उभी राहिली की तास वाढतात. परगावी पोहोचल्यावर रनिंग रूममध्ये, म्हणजे चालकांच्या विश्रामगृहात, झोपायचे, तिथेच जेवायचे आणि आठ तासांच्या आसपास विश्रांती झाली की परतीची गाडी घ्यायची. मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, परतल्यावर, आठ तास किंवा त्याहून अधिक काम झाले असेल तर १६ तासांची विश्रांती मिळते. महिन्यातून ३० तासांच्या चार किंवा २२ तासांच्या पाच सलग विश्रांती ठरलेल्या आहेत. कागदावर हे पुरेसे दिसते. परंतु दिवसा अकरा वाजता, घरात मुले खेळत असताना, शेजारी बांधकाम चालू असताना झोपणे ही शिकावी लागणारी विद्या आहे. जाड पडदे लावणे, फोन घरातल्या दुसऱ्या माणसाकडे देणे, कामाआधीच्या झोपेत कोणाच्याही लग्नकार्याला मध्ये येऊ न देणे, यात कुटुंबाची साथ नसेल तर ही नोकरी निभत नाही. लग्न ठरवताना समोरच्या घराला हे सारे आधीच मोकळेपणाने सांगावे.

शरीराच्या इतर गरजांचीही येथे परवड होते. जुन्या इंजिनांत स्वच्छतागृह नसते आणि तास-तास अडकून पडावे लागते. अलीकडच्या काही इंजिनांत ही सोय होऊ लागली आहे, चालक-कक्षात वातानुकूलनही आले आहे, परंतु सगळीकडे ते पोहोचलेले नाही. पाणी कमी पिऊन वेळ मारून नेण्याची सवय अनेकांना लागते आणि त्यातून मूत्रविकार होतात. थांब्यांचा अंदाज घेऊन पाणी पीत राहावे, पण ते तोडू नये.

आणखी एका गोष्टीबद्दल स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. कधी ना कधी तुमच्या गाडीसमोर माणूस येतो. कोणी रूळ ओलांडताना चुकतो, कोणी कानाला फोन लावून चालत असतो आणि कोणी जाणूनबुजून येऊन उभा राहतो. भोंगा वाजवणे आणि ब्रेक लावणे याखेरीज चालकाच्या हातात काहीच नसते, कारण गाडीला बाजूला वळता येत नाही. त्यानंतर गाडी थांबवून गार्डला, ज्यांना २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, आणि स्थानकाला कळवायचे, नोंद करायची आणि प्रवाशांना घेऊन पुढे जायचे असते. पहिल्या वेळेनंतर झोप उडणे, तोच क्षण पुन्हा दिसणे हे स्वाभाविक आहे आणि त्यात कमकुवतपणाचे काहीही नाही. वरिष्ठ सहकाऱ्याशी, लोको इन्स्पेक्टरशी किंवा डॉक्टरांशी त्याबद्दल बोलावे. अशा दिवशी मन ताब्यात नसेल, तर पुढची फेरी घेण्याआधी तसे सांगणे हेच जबाबदारीचे वागणे आहे.

पगार, बढती आणि इतर मार्ग

सहाय्यक लोको पायलटचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार १९,९०० रुपयांपासून सुरू होते. त्यावर महागाई व घरभाडे भत्त्यांसोबत कापलेल्या किलोमीटरनुसार धाव भत्ता मिळतो आणि मूळ वेतनाचा ३० टक्के भाग विशिष्ट लाभांसाठी वेतनात धरला जातो. त्यामुळे हातात पडणारी रक्कम त्याच स्तरावरच्या बैठ्या कर्मचाऱ्यापेक्षा बरीच जास्त असते. पुढे वरिष्ठ सहाय्यक, शंटिंग (यार्डात डबे हलवणे), मालगाडी, प्रवासी गाडी आणि मेल-एक्स्प्रेस अशा पायऱ्या आहेत. मालगाडीचा लोको पायलट झाल्यावर ३५,४०० रुपये मूळ वेतनाचा स्तर सुरू होतो. या पायऱ्या किती वर्षांत चढता येतील हे त्या विभागातील रिक्त जागांवर अवलंबून असते. मुंबईच्या लोकलचे मोटरमन अनुभवी चालकांतून निवडले जातात. तिथे शेजारी सहाय्यक नसतो, दोन स्थानकांमध्ये काही मिनिटेच असतात आणि मागच्या गार्डशी घंटीच्या ठोक्यांनी बोलायचे असते.

मुलींनीही या मार्गाचा गंभीरपणे विचार करावा. सातारच्या सुरेखा यादव १९८९ मध्ये सहाय्यक चालक झाल्या, २०११ च्या महिला दिनी त्यांनी डेक्कन क्वीन चालवली, मार्च २०२३ मध्ये सोलापूर ते मुंबई वंदे भारत आणली आणि २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. स्वच्छतागृह आणि रनिंग रूममधल्या स्वतंत्र सोयी यांबाबतच्या अडचणी आजही पूर्ण सुटलेल्या नाहीत. नेमणुकीच्या विभागात काम करणाऱ्या महिलांशी आधी बोलून घेणे उपयोगाचे ठरेल.

डोळ्यांची तपासणी नोकरी लागल्यावर संपत नाही. ४५ वर्षांपर्यंत दर चार वर्षांनी, ५५ पर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी वैद्यकीय तपासणी होते, आणि तीत बसला नाही तर त्या कर्मचाऱ्याला रेल्वेतच पर्यायी काम दिले जाते. सुरुवातीलाच ए-१ मध्ये बसत नसाल, तरी रेल्वेचे दार बंद होत नाही. आयटीआयच्या त्याच ट्रेडवर तंत्रज्ञ पदांसाठी अर्ज करता येतो आणि त्यांतील अनेक पदांची वैद्यकीय श्रेणी सौम्य असते. पदवीधर असाल, तर मालगाडीचा ट्रेन मॅनेजर किंवा स्टेशन मास्तर या पदांना ए-२ श्रेणी लागते, जिथे चष्म्याशिवाय दूरची दृष्टी ६/९ चालते आणि फॉगिंगची चाचणी नसते. मुंबई, पुणे आणि नागपूरच्या मेट्रोंमध्ये ट्रेन ऑपरेटरच्या भरतीसाठी प्रामुख्याने अभियांत्रिकी पदविकाधारकांचा विचार होतो आणि त्यांच्या वैद्यकीय अटी स्वतंत्र असतात, म्हणून नेत्रतज्ज्ञाकडे जाताना या पदांच्या अटींची प्रतही सोबत न्यावी.